राज्याच्या नावावर धूर कुठला लावायचा? ओरेगॉनचं २०२३ चं कलम

रानजाई:

२०२३ च्या जुलैमध्ये ओरेगॉनच्या गव्हर्नर टीना कोटेक यांनी 'हाउस बिल ३४०९' वर सही केली. इमारतींची ऊर्जा, जंगलं आणि शेतजमिनीतला कार्बन, शहरातली झाडं असं बरंच काही एकाच विधेयकात कोंबलं होतं. त्या वर्षी रिपब्लिकन सिनेटरांनी सहा आठवडे सभागृहात पाऊल टाकलं नव्हतं, त्यामुळे उरलेल्या दिवसांत जे जमेल ते एका गाठोड्यात बांधून पास करून घेतलं गेलं. बातम्या आल्या त्या बहिष्काराच्या. गाठोड्याच्या तळाशी असलेल्या एका कलमाबद्दल मराठीत कुणी काही लिहिलेलं मला दिसलं नाही, म्हणून हा धागा.

त्या कलमात विधिमंडळाने राज्याच्या पर्यावरण खात्याला (इथे सगळे त्याला 'डीईक्यू' म्हणतात) सांगितलं की ओरेगॉनचे लोक जे विकत घेतात, वापरतात आणि फेकतात त्यामुळे जगात कुठेही होणाऱ्या हरितगृह वायूंचा हिशेब अद्ययावत करा, आणि तो घटवायला कुठे वाव आहे हे आम्हाला कळवा. खात्याचा अहवाल २०२४ मध्ये विधिमंडळाकडे गेला.

यात विशेष काय, तर नेहमीचा हिशेब असा नसतो. नेहमीचा हिशेब हद्दीचा असतो. राज्याच्या सीमेत किती इंधन जळलं, किती गुरं आहेत, किती कारखाने वायू सोडतात ते मोजायचं. ओरेगॉनचं २००७ च्या कायद्यातलं लक्ष्य (२०५० पर्यंत १९९० च्या ७५ टक्के खाली) आणि २०२० च्या गव्हर्नरांच्या आदेशातलं लक्ष्य (२०३५ पर्यंत ४५ टक्के, २०५० पर्यंत ८० टक्के खाली) ही दोन्ही त्याच वहीत लिहिलेली आहेत. डीईक्यूने दुसरी, म्हणजे उपभोगाची वही सुरू केली ती स्टॉकहोम एन्व्हायर्नमेंट इन्स्टिट्यूटच्या मदतीने, २००५ सालच्या आकड्यांवर. तो अहवाल २०११ मध्ये आला. २०१५ सालासाठी दोन वह्या शेजारी ठेवल्या तर पहिलीत सुमारे ६.३ कोटी टन, दुसरीत सुमारे ८.९ कोटी टन. दुसऱ्या वहीतलं निम्म्याहून जास्त उत्सर्जन राज्याबाहेर होतं.

हा फरक समजून घ्यायला ट्राउटडेलला जा. पोर्टलंडच्या पूर्वेला, कोलंबिया नदीच्या काठी. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी ॲल्युमिनियम हवं म्हणून सरकारने तिथे कारखाना उभारला, नंतर तो रेनॉल्ड्स कंपनीकडे गेला. बॉनव्हिलच्या धरणाची स्वस्त वीज हे तिथे येण्याचं कारण. २००० च्या सुमारास भट्ट्या बंद पडल्या, कारखाना पाडला, जमीन साफ केली. आज तिथे फेडेक्सचं पार्सल केंद्र आहे आणि ॲमेझॉनचं गोदाम. पहिल्या वहीप्रमाणे ही ओरेगॉनची मोठी कमाई, कारण ॲल्युमिनियम गाळताना निघणारे वायू गेले. पण राज्यातल्या लोकांनी ॲल्युमिनियम वापरणं सोडलं का? ते आता बाहेरून येतं, आणि बऱ्याचदा कोळशाच्या विजेवर गाळलेलं. हवेत भर पडली ती पडलीच, वहीतून मात्र ओळ पुसली गेली.

माझं म्हणणं एवढंच: कपातीचं लक्ष्य ठेवण्याआधी कुठली वही उघडायची हा प्रश्न कायद्याने सोडवायला हवा, खात्यातल्या चार उत्साही लोकांवर सोडता कामा नये. ओरेगॉनने तो निदान अर्धा सोडवला. तुम्हाला काय वाटतं?

---

खवचट_खंडू:

लेख चांगला आहे, पण गाठोड्याच्या तळाशी ठेवलेलं कलम तळाशीच का होतं तेही सांगा. कारण त्याला दात नाहीत. लक्ष्य नाही, दंड नाही, कर नाही. मोजा, अहवाल लिहा, विधिमंडळाच्या टेबलावर ठेवा. आपल्याकडे याला समिती नेमणं म्हणतात.

---

आकडेमोड:

मोजायचं कसं यावर कुणी काही लिहिलं नाही, म्हणून थोडं लांब लिहितो.

प्रत्येक टीशर्टच्या मागे धावून त्याचा कापूस कुठे पिकला हे कुणी शोधत नाही. वासिली लिआँतिएफ या अर्थशास्त्रज्ञाने बनवलेली आदान-प्रदान सारणी वापरतात (१९७३ चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं). अर्थव्यवस्थेचे शेकडो उद्योग ओळींत आणि स्तंभांत मांडायचे. एक डॉलरचं बिस्किट बनवायला किती पैशाचं पीठ, किती विजेचं बिल, किती वाहतूक, आणि त्या पिठाला किती खत, त्या खताला किती गॅस, असं मागे मागे जात बेरीज करायची. गणितात ही न संपणारी साखळी एका मॅट्रिक्सच्या व्यस्ताने एका दमात सुटते, हीच त्यातली गंमत. मग प्रत्येक उद्योगाला एका डॉलरमागे किती उत्सर्जन होतं तो आकडा जोडायचा. वेगवेगळ्या देशांच्या सारण्या एकमेकींना जोडल्या की ओरेगॉनमधला एक सोफा व्हिएतनाम, चीन, टेक्सास कुठेकुठे धूर सोडून आला ते दिसतं.

शेवटचा ग्राहक तीन प्रकारचा: घरं, सरकार, आणि गुंतवणूक (म्हणजे उद्योगांनी घेतलेली यंत्रं, बांधलेल्या इमारती). यात सिंहाचा वाटा घरांचा. त्यात वस्तू बनण्यापासून दुकानात येईपर्यंतचं एक, वापरतानाचं (गाडीचं पेट्रोल, हीटरचा गॅस) दुसरं आणि फेकून दिल्यावरचं तिसरं असे टप्पे वेगळे दाखवतात. फेकल्यानंतरचा भाग फारच छोटा निघतो. जन्मभर कचरा वेगळा करण्यावर भाषणं ऐकलेल्या माणसाला हा आकडा पचत नाही.

---

रानजाई:

@आकडेमोड, शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. डीईक्यू हे मुळात कचऱ्याचंही खातं आहे, आणि त्याच हिशेबामुळे त्यांनी २०१२ मध्ये 'कचरा व्यवस्थापन' सोडून 'साहित्य व्यवस्थापन' अशी दिशा घेतली. २०१८ मध्ये त्यांनी पॅकेजिंगवरच्या बऱ्याच अभ्यासांचा आढावा घेतला. निष्कर्ष असा की पुनर्वापरयोग्य, कंपोस्ट होणारं, वनस्पतीपासून बनवलेलं ही लेबलं वस्तूचा एकूण परिणाम कमी आहे की नाही हे सांगायला भरवशाची नाहीत. कॉफीची हलकी प्लास्टिकची पिशवी रिसायकल होत नाही, जड डबा होतो, तरी पिशवी जिंकते. कंपोस्टेबल कपवाल्यांना हे आवडलं नव्हतं.

@खंडू, दात नाहीत हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण समिती नेमणं आणि हे यात फरक आहे. २०११ पासून हा हिशेब खात्याच्या हौसेवर चालला होता. बजेट कापलं की पहिली गदा यावर येऊ शकली असती, आणि कुणाला पत्ताही लागला नसता. आता विधिमंडळाने मागितलं आहे. उत्तर विधिमंडळालाच द्यायचं आहे.

---

मीठभाकर:

मी इचलकरंजीजवळ एका प्रोसेस हाऊसला (कापड रंगवायच्या कारखान्यात) आहे. तुमचं ओरेगॉन, कॅलिफोर्निया काय ते मोजतंय ते शेवटी आमच्या टेबलावर येतं बघा. परदेशी बायरकडनं फॉर्म येतोय. महिन्याला कोळसा किती, वीज किती युनिट, पाणी किती, बॉयलर कुठला, लाकूड जाळता का, रंग कुठनं घेता. एक फॉर्म एका वर्षाचा, दुसरा दुसऱ्या पद्धतीचा, तिसरा वेबसाइटवर भरायचा. एका बायरनं मागच्या सीझनला भरलेली माहिती परत मागितली, कारण त्यांचं सॉफ्टवेअर बदललं. वर परत तोच दर. मोजायचा खर्च कुणी धरलाय का त्या अहवालात?

---

आकडेमोड:

@मीठभाकर, तुमच्याकडे येतात ते फॉर्म बहुतेक कॅलिफोर्नियाच्या 'सिनेट बिल २५३' च्या तयारीतले असणार, किंवा युरोपच्या नियमांमुळे आलेले. २५३ वर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सही झाली. वर्षाला शंभर कोटी डॉलरहून जास्त उलाढाल असलेल्या आणि कॅलिफोर्नियात धंदा करणाऱ्या कंपन्यांना आपल्या पुरवठा साखळीतलं उत्सर्जनसुद्धा जाहीर करावं लागणार आहे. थेट आणि विजेचं उत्सर्जन २०२६ पासून, साखळीतलं २०२७ पासून असं वेळापत्रक आहे. 'साखळीतलं' म्हणजे तुम्ही.

ओरेगॉनचा हिशेब वेगळा आहे, तो सारणीवरून काढतात, तुम्हाला कुणी विचारत नाही. म्हणूनच तो स्वस्त आहे आणि म्हणूनच ढोबळ आहे. तुमच्या बॉयलरमध्ये तुम्ही बगॅस जाळता की कोळसा, याने ओरेगॉनच्या आकड्यात तीळभर फरक पडत नाही. त्यांच्या सारणीत 'भारतीय कापड उद्योग' हा एकच रकाना.

---

मीठभाकर:

म्हणजे आम्ही सुधारलो तरी त्यांच्या वहीत दिसणार नाही, आणि न सुधारलो तरी दिसणार नाही. मग सुधारायचं कुणासाठी?

---

कलमबहाद्दर:

हा प्रश्न राज्यांना कायद्याच्या बाजूनेही अडवतो. अमेरिकेत एका राज्याला दुसऱ्या राज्यातल्या किंवा देशातल्या कारखान्याला हुकूम देता येत नाही. आंतरराज्य व्यापारात अडथळा आणला म्हणून कोर्टात खेचतात. म्हणून ही राज्यं थेट उत्पादकाला काही सांगत नाहीत, आपल्या हद्दीत विकल्या जाणाऱ्या वस्तूला अट घालतात.

उदाहरण इंधनाचं. कॅलिफोर्निया आणि ओरेगॉन दोघांचेही इंधन कार्यक्रम आहेत, ज्यात इथेनॉल शेतातून टाकीपर्यंत येताना किती उत्सर्जन झालं ते मोजून गुण देतात. मक्याच्या पट्ट्यातल्या लोकांनी ओरड केली की हा आमच्या राज्याविरुद्ध भेदभाव आहे. नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या केंद्रीय) अपील कोर्टाने २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाचा आणि २०१८ मध्ये ओरेगॉनचा कार्यक्रम वैध ठरवला. मुद्दा असा की भेद उत्सर्जनावर आहे, राज्याच्या नावावर नाही. नंतर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॅलिफोर्नियाचा, राज्यात विकल्या जाणाऱ्या डुकराच्या मांसाला (बाहेरून आलेल्यालाही) अट घालणारा कायदा उचलून धरला, तेव्हा राज्यांना आणखी थोडी हिंमत आली.

म्हणजे इंधनासारख्या एका वस्तूसाठी राज्याने उपभोगाची वही दातांसकट वापरलीच आहे. सोफा, टीशर्ट, फ्रिजसाठी मात्र कुणी धाडस करत नाही.

---

रानजाई:

@कलमबहाद्दर, नेमकं बोललात. अजून एक ठिकाण आहे जिथे धाडस झालं, सरकारी खरेदी. राज्य स्वतःच ग्राहक असेल तर व्यापार कलम आड येत नाही. ओरेगॉनने २०२२ मध्ये 'हाउस बिल ४१३९' पास केलं: वाहतूक खात्याने रस्ते, पूल यासाठी घेतलेलं काँक्रीट, डांबर, पोलाद याचं पर्यावरण घोषणापत्र (तो माल बनवताना किती उत्सर्जन झालं ते सांगणारं) ठेकेदाराकडून घ्यायचं. कॅलिफोर्नियाने असाच कायदा २०१७ मध्ये केला होता. इथे आकडा सारणीतला नसतो, त्या कारखान्यातल्या खऱ्या मिश्रणाचा असतो. @मीठभाकर यांच्या प्रश्नाचं उत्तर इथे थोडंसं मिळतं. सुधारलेला कारखाना दिसतो तो फक्त अशा घोषणापत्रात. सारणी सांगते कुठल्या वस्तूकडे बघायचं, घोषणापत्र सांगतं त्या वस्तूतला कुठला कारखाना बरा.

---

सोनचाफा:

सारणीबद्दल एक शंका. पैशावरून मोजता ना? मी चाळीस हजारांची हातमागाची पैठणी घेतली आणि माझ्या जावेने चारशेची सिंथेटिक साडी घेतली. तुमच्या हिशेबात माझं उत्सर्जन शंभरपट? माझी पैठणी येवल्यातल्या घरी, हातमागावर, महिनोन्‌महिने विणलेली. बिचाऱ्या विणकराच्या पायाला धूर कुठून येणार.

---

आकडेमोड:

@सोनचाफा, शंका शंभर नंबरी आहे, आणि या पद्धतीवरची सगळ्यात जुनी टीकाही हीच. एका उद्योगातल्या सगळ्या रुपयांना सारखंच मानायचं ही सारणीची सक्ती आहे. सगळ्या साड्यांची सरासरी म्हणून ती चालते, एका साडीपुरती खोटी ठरते. महागाईचंही तसंच. भाव वाढले की उत्सर्जन वाढल्यासारखं दिसतं, म्हणून किमती एका वर्षाच्या भावात आणून घ्याव्या लागतात. डीईक्यू हे सगळं लिहून ठेवते. गाडीचं पेट्रोल, घरचा गॅस असे वापराचे आकडे ते पैशावरून न काढता प्रत्यक्ष वापरावरून घेतात, त्यामुळे मोठे आकडे तरी त्यामानाने पक्के असतात.

तरीही माझं मत असं की या आकड्याचा उपयोग घराघराची तुलना करायला करू नये. राज्याच्या पातळीवर अन्न, गाड्या, बांधकाम यांचा क्रम लावायला तो पुरेसा आहे. चुकलं तरी क्रम सहसा उलटत नाही.

---

खवचट_खंडू:

सहसा. 😀

बरं, मला हे सांगा, आमच्यासारखे पोर्टलंडजवळच्या हिल्सबरोचे चिपवाले कुठे बसतात? आमच्या फॅबमधल्या (चिपच्या कारखान्यातल्या) फ्लोरीनच्या वायूंचा हिशेब ओरेगॉनच्या माथी आणि चिप जगभर जाते. दुसऱ्या वहीत आम्ही निर्दोष ना?

---

रानजाई:

@खंडू, हो, निर्दोष. चिप बनवताना पातळ थर कोरायला आणि यंत्रं साफ करायला जे नायट्रोजन ट्रायफ्लोराइड, कार्बन टेट्राफ्लोराइड वगैरे वायू वापरतात ते कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारो पटींनी उष्णता धरतात. पहिल्या वहीत ते ओरेगॉनच्या नावावर. दुसऱ्या वहीत ज्या चिप बाहेर गेल्या त्यांचे वायूही बाहेर गेले, लॅपटॉप घेणाऱ्याच्या खात्यावर. म्हणून मला फक्त दुसरी वही ठेवा असं म्हणायचं नाही. फॅबमध्ये वायू पकडायचं यंत्र बसवायची सक्ती ओरेगॉनच करू शकतो, लॅपटॉप घेणारा नाही. पहिल्या वहीतून कारखान्याला पकडता येतं, दुसरीतून मागणीला. एकच वही ठेवली की कुणीतरी सुटतं.

---

चंद्रपुरी:

अनेक वर्षं फक्त वाचतो, आज लिहितोच.

आमच्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. धूर आमच्या नाकात, राख आमच्या इरई नदीकाठी, आणि वीज साऱ्या राज्यात. कोणी म्हणते चंद्रपूर प्रदूषित शहर आहे. अरे बाप्पा, ती वीज जळते कुठं? पुण्यात एसीत. तर हा उपभोगाचा हिशेब जिल्ह्याजिल्ह्यात केला तर आमचं नाव खाली जाईल न?

---

आकडेमोड:

विजेपुरतं हे आधीच होतं. कॅलिफोर्नियाच्या २००६ च्या हवामान कायद्यात, 'असेंब्ली बिल ३२' मध्ये, राज्याच्या उत्सर्जनाची व्याख्याच अशी केली आहे की राज्यात वापरलेली वीज बाहेरून आली असली तरी तिचं उत्सर्जन, तारेतल्या गळतीसकट, राज्याच्या खात्यावर. ओरेगॉनच्या नेहमीच्या वहीतही तसंच. पोर्टलंडला वीज देणारी कंपनी मोंटानातल्या कोलस्ट्रिपच्या कोळसा केंद्रात भागीदार होती, तो धूर ओरेगॉनच्या नावावर धरत आले. म्हणूनच २०१६ मध्ये ओरेगॉन कायद्याने म्हणू शकला की ग्राहकांच्या बिलातून कोळशाची वीज २०३० पर्यंत बाद करा. केंद्र मोंटानात, बिल पोर्टलंडमध्ये.

मुंबईच्या २०२२ च्या हवामान कृती आराखड्यातही विजेचा हिशेब वापरावरच आहे. २०१९ सालासाठी २.३४ कोटी टन, त्यातला सुमारे ७२ टक्के ऊर्जेचा, आणि तोही मुख्यत्वे कोळशाच्या विजेमुळे. माणशी १.८ टन. पण हा आकडा वर दिलेल्या ओरेगॉनच्या आकड्याशी (माणशी बावीस टनांच्या आसपास) ताडून बघू नका. मुंबईच्या यादीत वीज बाहेरची धरली आहे, पण डाळ, तांदूळ, सिमेंट, मोबाइल बनतानाचं उत्सर्जन धरलेलं नाही.

---

चंद्रपुरी:

म्हणजे मुंबईचा सिमेंटचा टॉवर पुन्हा आमच्याच जिल्ह्याच्या नावावर. आमच्याकडं सिमेंटचे कारखानेही आहेत, भाऊ.

---

एडिनबराची:

ओरेगॉनच्या बरंच आधी हे आमच्याकडे कायद्यात आलं, म्हणून नोंद करते. स्कॉटलंडच्या २००९ च्या हवामान कायद्यात ३७ वं कलम आहे: स्कॉटलंडमधल्या वस्तू-सेवांच्या उपभोगामुळे झालेल्या उत्सर्जनाचा अहवाल सरकारने संसदेत ठेवायचा. त्यामुळे १९९८ पासूनचे आकडे आज मिळतात. वेल्सच्या २०१६ च्या कायद्यातही असं काही आहे. डेन्मार्कने २०२० च्या कायद्यापासून दरवर्षी आपल्यामुळे जगभर होणाऱ्या उत्सर्जनाचा अहवाल द्यायला सुरुवात केली.

यातल्या कुणीही उपभोगाचं बंधनकारक लक्ष्य ठेवलेलं नाही. स्वीडनमध्ये २०२२ मध्ये सर्वपक्षीय समितीने ठेवायचं म्हणून शिफारस केली, आठही पक्षांची सहमती होती. मग सरकार बदललं आणि गाडी थांबली. खंडू यांचं म्हणणं त्यामुळे अगदीच टाकाऊ नाही. पण स्कॉटलंडमध्ये एक झालं, जेव्हा मंत्री सांगतात की आमचं उत्सर्जन इतकं इतकं घटलं, तेव्हा विरोधी बाकावरून कुणीतरी दुसरा आकडा काढतं. तो आकडा सरकारनेच छापलेला असल्यामुळे त्याला नाकारता येत नाही.

एक वैताग: हे आकडे काही वर्षं मागे असतात. आजच्या धोरणाचा परिणाम बघायचा तर वाट बघत बसा.

---

पणजीकर:

आमच्या गोव्याचं काय? वर्षाला रहिवाशांच्या कितीतरी पट माणसं येतात, खातात, पितात, एसी लावतात. ते कुणाच्या खात्यात? आणि मांडवीतून जे खनिज चीनला गेलं त्याचं पोलाद झाल्यावरचा धूर कुणाचा? २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा आमचा धूर कमी झाला म्हणायचं का?

---

रानजाई:

@पणजीकर, तत्त्वतः पर्यटक जिथला रहिवासी तिथल्या खात्यात. व्यवहारात हॉटेलच्या बिलावरून पाहुणा कुठला ते वेगळं काढणं कटकटीचं आहे. खनिजाचं सोपं आहे: पोलाद ज्याने शेवटी वापरलं त्याचं. चीनमधल्या पुलात गेलं तर चीनचं, तिथून गाडीत बसून जर्मनीला गेलं तर जर्मनीचं. गोव्याच्या दुसऱ्या वहीत फक्त गोंयकार जेवढं पोलाद वापरतात तेवढंच.

देशांच्या पातळीवर भारत याच बाजूचा आहे. भारताचं हद्दीतलं उत्सर्जन त्याच्या उपभोगाच्या उत्सर्जनापेक्षा जास्त आहे, कारण आपण बाहेर पाठवतो ते जास्त धुराचं. चीनचं तर आहेच. अमेरिका, ब्रिटन, स्वीडन दुसऱ्या बाजूला. म्हणून श्रीमंत देशांतल्या राज्यांनी स्वतःहून दुसरी वही उघडली तर मला त्यात काहीतरी प्रामाणिकपणा दिसतो. आपला आकडा वाढवून घ्यायला सहसा कुणी कायदा करत नाही.

---

मीठभाकर:

प्रामाणिकपणा ठीक. पण युरोपनं तीच वही उघडून सीमेवर कर लावलाय. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतावर. आज कापड नाही, उद्या असेल. वही त्यांची, कर आमचा. तुमच्या ओरेगॉननं उद्या सोफ्यावर असंच केलं तर ताई तुम्ही धागा काढणार का?

---

रानजाई:

@मीठभाकर, काढेन, आणि विरोधात काढेन. मोजण्याचा बोजा आणि कपातीचा बोजा दोन्ही पुरवठादारावर टाकून ग्राहकाने हात झटकायचे असतील तर ती दुसरी वही फक्त नावाला. उपभोगाच्या हिशेबाचा अर्थच असा की बिल वापरणाऱ्याच्या नावावर आहे. मग तुमच्या बॉयलरच्या बदलाचा खर्चही वापरणाऱ्याने उचलायला हवा. ओरेगॉनच्या कलमात सध्या तरी कर नाही. खाणं वाया न घालवणं, टिकाऊ वस्तू, दुरुस्ती, छोटी घरं, कमी कार्बनचं काँक्रीट अशा दिशेने तिथली चर्चा जाते. तिचा वेग मला पुरेसा वाटत नाही हेही सांगते.

---

कलमबहाद्दर:

पुरेसा नाही हे म्हणताना एक आठवण ठेवावी. ओरेगॉनमध्ये २०१९ आणि २०२० ला कार्बन बाजाराची विधेयकं याच बहिष्कारांनी पडली. मग गव्हर्नर केट ब्राऊन यांनी आदेश काढला, त्यावरून खात्याने इंधन कंपन्यांवर मर्यादा घालणारा कार्यक्रम केला. तो २०२३ च्या डिसेंबरमध्ये अपील कोर्टाने प्रक्रियेच्या कारणावरून रद्द केला, २०२४ मध्ये पुन्हा नव्याने मंजूर करावा लागला. दातवाली कलमं तिथे अशी पडतात. बिनदाताचं कलम टिकलं.

---

चंद्रपुरी:

माझा प्रश्न राहूनच गेला. महाराष्ट्रात हे करायचं ठरवलं तर जमेल का? कोणी सोप्या भाषेत सांगा.

---

आकडेमोड:

जमेल, पण कच्चं. तीन गोष्टी लागतात.

लोक काय वापरतात: हे आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीचं २०२२-२३ चं घरगुती उपभोग खर्चाचं सर्वेक्षण राज्यवार उपलब्ध आहे, ग्रामीण आणि शहरी वेगळं.

उद्योगांची सारणी: देशाची आहे, सांख्यिकी मंत्रालयाची. राज्याची हवी असेल तर देशाच्या सारणीवरून अंदाजाने ओढावी लागेल. इथेच सगळ्यात जास्त माती खावी लागते.

राज्याराज्यांतली मालाची ये-जा: अमेरिकेत यासाठी मालवाहतुकीचं सर्वेक्षण आहे. आपल्याकडे २०१८ पासून जीएसटीची ई-वे बिलं आहेत, पन्नास हजारांवरच्या प्रत्येक खेपेला. कुठून निघालं, कुठे गेलं, काय माल, किती किमतीचा. जगातल्या फार थोड्या देशांकडे अशी नोंद असेल. ती कुणी अशा कामासाठी उघडून दिली तर चंद्रपूरचं सिमेंट कुठल्या जिल्ह्यात गेलं हे अंदाजाने सांगायची गरजच उरणार नाही.

---

खवचट_खंडू:

आणि ती उघडून द्यायला काय लागेल? कायदा. चला, रानजाई जिंकल्या.

---

चंद्रपुरी:

@आकडेमोड, सर्वेक्षणाचे महाराष्ट्राचे ग्रामीण-शहरी तक्ते मी उतरवून घेतो. नोकरीत हेच केलं आयुष्यभर. सिमेंट आणि विजेचे रकाने आधी करू का अन्नाचे?

---

आकडेमोड:

अन्नाचे. सिमेंट घरखर्चात दिसणारच नाही, ते गुंतवणुकीत जातं. तांदूळ आणि दूध आधी घ्या, दोन्हीत मिथेन मोठा आहे आणि सर्वेक्षणात वजन किलोत, लिटरमध्ये दिलेलं आहे, म्हणजे सोनचाफा यांच्या पैठणीची भानगड तिथे नाही. रकाने इथेच टाका, मी उत्सर्जनाचे गुणक जोडून देतो.